साक्यावरून प्रोटीन मोजताना

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

रावपुऱ्यातल्या लॅबमध्ये तुला प्रोटीनचं काम मिळाल्याचं तुझ्या आईकडून कळलं. फार बरं वाटलं. सीआरपी (सूज आली की वाढणारं प्रोटीन), आयजीजी, आयजीए (रक्तातल्या अँटिबॉडी, म्हणजेच इम्युनोग्लोब्युलिन) हे सगळं हल्ली मशीनच करतं, म्हणून या कामाकडे कुणी मन लावून बघत नाही. तू बघ. इथे एक धोका असा आहे, की आजार जितका मोठा तितका तो जास्त, आणि स्क्रीनवर त्याची सूचना येईलच असं नाही.

प्रोटीन आणि त्याला ओळखून धरणारी अँटिबॉडी योग्य प्रमाणात एकत्र आली की एकमेकांना धरून जाळं तयार होतं आणि साका पडतो. त्याने द्रावण गढूळ होतं, आणि मशीन तो गढूळपणाच मोजतं. अँटिबॉडीला धरायच्या जागा दोन, प्रोटीनवर अनेक, म्हणून जाळं. पण प्रोटीन फारच जास्त असलं तर प्रत्येक अँटिबॉडीच्या दोन्ही जागा वेगवेगळ्या रेणूंनी आधीच अडवलेल्या असतात. जाळं विणलंच जात नाही, द्रावण निवळ राहतं, आणि मशीन सांगतं की प्रोटीन कमी आहे. मायलोमाच्या (अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशींच्या कॅन्सरच्या) पेशंटचं आयजीजी प्रचंड वाढलेलं असूनही रिपोर्टवर बेताचं दिसू शकतं, ते यामुळे.

हायडेलबर्गर आणि केंडल यांचं १९२९ चं काम मिळालं तर जरूर वाच. त्यांनी न्युमोकोकस या न्युमोनियाच्या जंतूच्या टाइप-३ ची शर्करा घेतली. त्या शर्करेत नायट्रोजन नसतो. म्हणजे साक्यात जो नायट्रोजन सापडेल तो सगळा अँटिबॉडीचाच! नुसत्या नायट्रोजनवरून अँटिबॉडी किती ते वजनात सांगता आलं. किती सुंदर विचार आहे हा. अँटिबॉडी तेवढीच ठेवून अँटिजन (अँटिबॉडी ज्याला धरते ते) वाढवत गेलं की साका आधी वाढतो, माथ्यावर पोचतो आणि मग घटतो. म्हणून एकाच रीडिंगच्या दोन जागा असू शकतात, एक चढावर आणि एक उतारावर. आपल्या सॅम्पलची कुठली, हे ठरवणं तुझ्याकडे आहे.

शंका कधी घ्यायची? टोटल प्रोटीन वर, अल्ब्युमिन खाली, आणि तरी इम्युनोग्लोब्युलिनचे आकडे साधारण, म्हणजे हिशेब जुळत नाही. किंवा इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये (विजेने प्रोटीन वेगळी करतात त्यात) गॅमाच्या, म्हणजे अँटिबॉडींच्या, जागी टोकदार शिखर दिसतंय आणि आकडा मात्र निमूट. अशा वेळी सॅम्पल दहापट पातळ करून पुन्हा लाव. दहाने गुणून आलेला आकडा पहिल्यापेक्षा बराच वर गेला, तर पहिला उतारावरचा होता. तो रिपोर्ट जाऊ देऊ नकोस, बाहेर कितीही घाई चाललेली असो. काही मशीन हे स्वतः तपासतात, पण प्रत्येक टेस्टला नाही. किटमधला कागद वाच. आणि दुधाळ सीरम हा वेगळाच त्रास, ते मुळातच गढूळ असतं. त्याचं ब्लँक, म्हणजे अँटिबॉडी न घालताचं रीडिंग, बघितल्याशिवाय पुढे जाऊ नकोस.

सवड काढून रेडियल इम्युनोडिफ्युजनची एक प्लेट हाताने कर, अशी माझी फार इच्छा आहे. यात अँटिबॉडी जेलमध्येच असते, सॅम्पलमधलं प्रोटीन त्यात पसरत जातं आणि भोवती साक्याची रिंग उमटते. अगारोज वितळवून पन्नासेक अंशांपर्यंत निवू दे आणि मगच अँटिसीरम (अँटिबॉडी असलेलं सीरम) मिसळ. उकळत्या अगारोजमध्ये घातलंस तर अँटिबॉडी वाया जाते. जेल बसलं की खाचा पाड, त्यांत स्टँडर्ड आणि सॅम्पल मोजून भर. बडोद्याच्या मे महिन्यात जेल कडेने सुकून आक्रसतं, तेव्हा ओला टिशू घातलेला झाकणाचा डबा हवाच. रिंग बघायची ती काळ्या कागदावर, तिरप्या उजेडात. नीट निरखून बघितलं की पांढुरकी कड स्पष्ट उठते.

रिंग वाढायची थांबली की व्यासाचा वर्ग प्रोटीनच्या प्रमाणात सरळ रेषेत जातो. मॅन्चिनी आणि सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये हीच पद्धत मांडली. वर्ग असल्यामुळे डोळ्याची चूकही वाढते. ६ मिलिमीटरची रिंग ६.२ वाचलीस की ३६ चे ३८.४४ होतात, जवळजवळ सात टक्के. म्हणून प्रत्येक रिंग आडवी-उभी दोन्हीकडून मोज.

आयजीएम, ही आणखी एक मोठी अँटिबॉडी, लावलीस तर आणखी धीर धर. आयजीजी सुमारे १५० किलोडाल्टनचं, आयजीएम ९०० च्या आसपास, त्यामुळे ते जेलमधून सावकाश सरकतं. रोज ठराविक वेळी मोजून वहीत लिही. लागोपाठच्या दोन मोजण्यांत फरक पडला नाही की मगच हिशेब कर. वही घेऊन रविवारी दांडिया बाजारात घरी ये, आपण आलेख बरोबर काढू.

तुझी,
मावशी