मोपा विमानतळावरून कळंगुटच्या बीच रिसॉर्टला शटल बसने कसं जायचं?

आधी तिकिटावरचा कोड बघा. गोव्यात दोन विमानतळ आहेत: जीओएक्स (GOX) म्हणजे मोपा, जीओआय (GOI) म्हणजे दाबोळी. इथेच बरेच जण फसतात, कारण दोन्हींची ठिकाणं नि बस वेगवेगळ्या. मोपाहून कदंबची, म्हणजे गोव्याच्या सरकारी परिवहन महामंडळाची, बस शिवोलीमार्गे कळंगुट, कांदोळीकडे जाते; पणजी-मडगावची वेगळी, तिच्यात चढू नका. बस विमानासाठी थांबत नाही, म्हणून सामान मिळेपर्यंतचा पाऊण तास धरूनच वेळ ठरवा. रात्री उशिरा उतरत असाल तर सरळ प्रीपेड टॅक्सी घ्या.

बस थांब्यावर सोडते, रिसॉर्टच्या दारात नाही. सर्वांत जवळचा थांबा हॉटेलला आधीच विचारा. पुढे पायलट, म्हणजे मोटारसायकल टॅक्सी, स्वस्त पडते. पण मोठी बॅग असेल तर रिक्षाच बरी, भाडं बसण्याआधी ठरवून.