सरासरी म्हणजे मधलं नव्हे

कळव्याहून एमए करणाऱ्या एका मुलीने विचारलंय की ती घरटी दवाखान्यावर होणाऱ्या खर्चाचा सर्व्हे करतेय, रिपोर्ट मराठीत द्यायचाय, तर त्यात 'सरासरी कुटुंब' असं लिहिलं तर चालेल का, आणि शब्द सरासरी की सरसरी.

'सरासरी कुटुंब' नका लिहू. खर्च सरासरी असतो, वय सरासरी असतं, कुटुंब कसं सरासरी असेल? चारचौघांसारखं म्हणायचं असेल तर सर्वसाधारण कुटुंब म्हणा, हा चांगला शब्द आपल्याकडे आहेच. हल्ली 'सरासरी मतदार', 'सरासरी मुंबईकर' रोज कानावर येतं आणि डोकं उठतं. एखाद्या पोराला 'सरासरी विद्यार्थी' म्हणतात तेव्हा तर त्यांना म्हणायचं असतं सामान्य, मग तसं म्हणा ना.

आणि वाशीच्या एपीएमसीचे कांद्याचे भाव घ्या. बाजारभावाच्या तक्त्यात तीन रकाने असतात, कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सर्वसाधारण. सर्वसाधारण म्हणजे ज्या भावाने बहुतेक माल गेला तो भाव. बातम्यांमध्ये तोच आकडा 'सरासरी भाव' म्हणून वाचून दाखवतात. तो सरासरी नाहीये! दोन-चार गोणी एकदम चढ्या भावाने गेल्या तर सरासरी वर सरकते, सर्वसाधारण भाव जागचा हलत नाही, आणि शेतकऱ्याला घरून निघताना हा सर्वसाधारण भावच कामाचा असतो.

आता शब्दाकडे या. फारसीत सर म्हणजे डोकं, टोक. सर-आ-सर म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत. हिंदीतलं 'सरासर झूठ' म्हणजे अथपासून इतिपर्यंत खोटं, ते हेच. याच साच्यातला लबालब, म्हणजे ओठाला ओठ, काठाला काठ. आणि आपण दिवसातून शंभरदा म्हणतो तो बरोबरसुद्धा यातलाच, बर म्हणजे छाती, बर-आ-बर म्हणजे छातीला छाती लावून उभं. जमा, खर्च, बाकी, वसूल ही सगळी मंडळी अशीच फारसीच्या वाटेने हिशेबाच्या वह्यांत आली, त्यांच्याच पंगतीत सरासरी बसते. माझं ठाम मत असं की आपण उचलला तो शब्द गणिताच्या दृष्टीने जास्त खरा आहे. हिंदीने घेतला औसत, तो अरबी, अर्थ मधला. पण सरासरी मध्ये असतेच असं कुठाय? तिच्यात पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत सगळ्यांचं एकत्र करून सगळ्यांवर सारखं पसरलेलं असतं, टोक ते टोक, आणि हे नेमकं मराठी शब्दात आहे.

इंग्रजी ॲव्हरेज तर याहून भारी. आमच्या नेरुळला न्हावा शेवा बंदराशी संबंधित कामं करणारी बरीच माणसं राहतात, त्यांना 'जनरल ॲव्हरेज' विचारा, ते गणित सांगणार नाहीत, नुकसान सांगतील. वादळात जहाज वाचवायला काही माल समुद्रात टाकावा लागला तर ज्याचा माल गेला तो एकटा बुडत नाही, जहाजवाला आणि बाकीचे मालवाले आपापल्या किमतीच्या प्रमाणात भरपाई वाटून घेतात. रोमन कायद्यात हा नियम ऱ्होड्स बेटाच्या नावाने नोंदलाय, इतका जुना. मार्च २०२१मध्ये एव्हर गिव्हन हे जहाज सुएझ कालव्यात आडवं अडकलं तेव्हाही मालकाने जनरल ॲव्हरेज जाहीर केलं होतं. अरबीत अवार म्हणजे मालाचं नुकसान, खोट. त्याचं इटालियन बंदरांत अव्हारिया झालं, फ्रेंचमध्ये अव्हारी, इंग्रजीत डॅमेजच्या वळणावर शेवटी एज चिकटलं, आणि नुकसान वाटून घ्यायच्या हिशेबावरून अठराव्या शतकात नुसत्या सरासरीला तो शब्द लागला. हा अवार ज्या अरबी धातूचा, त्याच धातूपासून अवरा, म्हणजे झाकायची गोष्ट, आणि तिच्यापासून फारसीमार्गे औरत. ॲव्हरेज आणि औरत नात्यातले आहेत हे मला पहिल्यांदा कळलं त्या रात्री झोप लागली नव्हती.

काही लोक अजून ॲव्हरेजला कुळांच्या वेठीच्या जनावरांशी जोडतात. तो सरंजामी इंग्लंडमधला दुसराच शब्द, फक्त दिसायला सारखा. बंदर सोडून गोठ्यात व्युत्पत्ती शोधायला गेलं की असं होतं.

पाठ्यपुस्तकाशीही माझं भांडण आहे. दहावीत मीनला, म्हणजे सरासरीला, मध्य म्हणतात, मीडियनला, म्हणजे आकडे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येतो त्याला, मध्यक आणि मोडला, म्हणजे सगळ्यात जास्त वेळा येणाऱ्या आकड्याला, बहुलक. जी गोष्ट मध्ये असेलच असं नाही तिलाच मध्य म्हणायचं आणि खरोखर मधल्याला नुसता एक क लावायचा, मग पोरांनी गोंधळ केला तर पोरांची काय चूक? स्वातंत्र्याच्या सुमाराला आपलं सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होतं म्हटलं की शिकलेली माणसंसुद्धा म्हणतात, तेव्हा लोक तिशीतच जायचे. अहो, तान्ही मुलं भराभर दगावत होती, ती त्या हिशेबात आहेत! जे मोठे होत ते पन्नाशी-साठी बघत. टोकाची लेकरं विसरून मधलाच आकडा धरला की असा अर्थ निघतो.

तुमच्याच विषयातलं बघा. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५व्या फेरीत, २०१७-१८ची, एकदा ॲडमिट होण्याचा सरासरी वैद्यकीय खर्च, बाळंतपणं सोडून, २०,१३५ रुपये निघाला. सरकारी दवाखान्यात तो ४,४५२ आणि खाजगीत ३१,८४५. म्हणजे वीस हजार हे ना सरकारीतलं बिल ना खाजगीतलं, आणि तुम्ही त्या आकड्याचं 'सरासरी कुटुंब' शोधायला निघालात तर कळव्यात दारोदार फिरून सापडायचं नाही. तेव्हा टेबलात 'सरासरी खर्च' लिहा, शेजारी मध्यकही द्या, आणि सरकारी-खाजगी वेगळं काढा.

सरसरी राहिलंच. तो हिंदीतला, 'सरसरी नज़र' म्हणजे वरवरची नजर. आपल्याकडे सरासरीच, मधल्या र ला काना देऊन.