दीड लाखात आकाशगंगेच्या फोटोंसाठी कोणता मिररलेस (आत आरसा नसलेला) कॅमेरा घ्यावा? फुलफ्रेमच लागतो का?

फुलफ्रेम, म्हणजे ३६ बाय २४ मिमीचा मोठा सेन्सर, लागतोच असं नाही. मोठ्या तोंडाची लेन्स मात्र लागतेच, आणि दीड लाखांची वाटणी त्या हिशेबाने करायला हवी. तुम्ही लिहिलंय की दुकानदाराने फुलफ्रेम बॉडी आणि सोबत एफ/४ ची झूम (एफपुढचा आकडा जितका मोठा, तितकं लेन्सचं तोंड लहान) असा संच सुचवलाय, 'लेन्स नंतर बदलता येईल' म्हणून. लग्नकार्याला आणि प्रवासाला तो संच उत्तम आहे. आकाशासाठी घेऊ नका.

आकडेच बघा. सोनी ए६४०० हा एपीएस-सी, म्हणजे फुलफ्रेमहून लहान सेन्सरचा कॅमेरा आणि त्यावर सिग्माची १६ मिमी एफ/१.४. या लेन्सचं उजेड आत घेणारं तोंड १६ भागिले १.४, म्हणजे साधारण ११.४ मिमी रुंद. फुलफ्रेमवर तेवढंच आकाश टिपायला २४ मिमी लागते, आणि एफ/४ ला तिचं तोंड २४ भागिले ४, म्हणजे फक्त ६ मिमी. क्षेत्रफळात हा फरक साडेतीन पटींहून जास्त भरतो. आकाशाच्या त्याच तुकड्यातून, तेवढ्याच सेकंदांत, 'लहान' सेन्सरचा कॅमेरा साडेतीन पट उजेड गोळा करतो. सेन्सर मोठा असण्याचा फायदा खरा आहे, पण तो लेन्सचं तोंडही मोठं असेल तेव्हाच हातात पडतो.

म्हणून माझं उत्तर असं: नवंच घ्यायचं असेल तर ए६४०० ची नुसती बॉडी आणि ही सिग्मा. किटमधली, म्हणजे बॉडीसोबत मिळणारी, १६-५० घेऊ नका, ती १६ मिमीला एफ/३.५ आहे, म्हणजे सिग्माच्या तुलनेत सहापट अंधारी. वापरलेलं घ्यायची तयारी असेल तर सोनी ए७ थ्री किंवा निकॉन झेड६, दोन्ही २०१८ चे, दोन्ही २४ मेगापिक्सेलच्या आसपास, आणि त्यावर व्हिल्ट्रॉक्सची १६ मिमी एफ/१.८. आकाशापुरतं बोलायचं तर हा दुसरा संच एका चौकटीत जास्त आकाश टिपतो आणि मी स्वतः तोच निवडेन. वय झालं म्हणून या बॉडी रात्री कमी पडत नाहीत. नव्या मॉडेलांत गेल्या काही वर्षांत जे वाढलंय ते बहुतेक ऑटोफोकस आणि व्हिडिओ. ट्रायपॉडवर, मॅन्युअल फोकसला, ताऱ्यांपुढे त्यातलं फारसं काही उपयोगी पडत नाही. बॉडीतलं स्टॅबिलायझेशनही ट्रायपॉडवर बंदच ठेवायचं असतं. कॅननचा आर८ चांगला आणि हलका आहे, पण कॅननच्या फुलफ्रेम आरएफ माउंटला (लेन्स बसवायच्या जोडणीला) परवडणाऱ्या, मोठ्या तोंडाच्या वाइड लेन्स फार कमी आहेत. या बजेटात तिथेच गाडी अडते.

मेगापिक्सेलच्या मागे लागू नका. पृथ्वी फिरते, त्यामुळे तारे सेकंदाला जास्तीत जास्त १५ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) या वेगाने सरकतात. ए६४०० आणि १६ मिमीवर एक पिक्सेल साधारण ५० विकलांचा होतो. म्हणजे १० सेकंदांत तारा ३ पिक्सेल सरकतो आणि २० सेकंदांत ६. सगळीकडे सांगितला जाणारा '५०० चा नियम' (५०० ला फुलफ्रेमच्या हिशेबातल्या फोकल लेंग्थने, इथे २४ ने, भागायचं) इथे २० सेकंद देतो. फोनवर फोटो बरा दिसतो, छापला की तारे तांदळाच्या दाण्यासारखे लांबट. मृगाच्या पोटातले बाणाचे तीन तारे जवळपास खगोलीय विषुववृत्तावरच (पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या वरची आकाशातली रेषा) आहेत, तिथे हे सगळ्यात आधी कळतं. मी १० सेकंदांच्या पुढे क्वचितच जातो. पिक्सेल जितके बारीक, तितकं हे सरकणं लवकर दिसतं, म्हणून २४ मेगापिक्सेल भरपूर झाले.

मग १० सेकंदांत फोटो दाणेदार येणार नाही का? येणार. त्यावर उपाय महागडी बॉडी नाही, त्यावर उपाय स्टॅकिंग. एकाच जागेवरून १६ फोटो काढून एकत्र केले की नॉइज, म्हणजे हा दाणेदारपणा, चौथ्या हिश्शावर येतो, कारण तो फोटोंच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतो. विंडोजवर सीक्वेटर हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि ते जमीन आणि आकाश वेगवेगळं हाताळतं. बॉडीत इंटरव्हल शूटिंग (ठरावीक वेळाने आपोआप फोटो काढत राहण्याची सोय) आहे ना तेवढं बघा. ए६४०० आणि झेड६ मध्ये ते आहे, ए७ थ्रीमध्ये २०१९ च्या फर्मवेअरने आलं. वापरलेला घेतलात तर आधी अपडेट करून घ्या.

आता ज्यावर कॅमेऱ्याच्या तुलनांमध्ये फारसं कोणी बोलत नाही ते, म्हणजे अंधारात कॅमेरा हातात कसा वागतो. मिररलेसचं खरं सुख इथे आहे. एखादा ठळक तारा, हिवाळ्यात व्याध आणि उन्हाळ्यात ज्येष्ठा, स्क्रीनवर पूर्ण मोठा करायचा आणि फोकस रिंग केसभर पुढेमागे करत तो सगळ्यात बारीक ठिपका होईपर्यंत थांबायचं. ए७ थ्रीसारख्या सोनीत 'ब्राइट मॉनिटरिंग' नावाची सोय आहे, ती मेन्यूत शोधून एखाद्या कस्टम बटणावर लावावी लागते. मॅन्युअल फोकसवर ते बटण दाबलं की काळ्या स्क्रीनवर डोंगराची कड आणि तारे उमटतात, चौकट लावणं सोपं होतं. निकॉनने नव्या झेड बॉडींत याच कामासाठी 'स्टारलाइट व्ह्यू' दिलाय.

एक अडचण मात्र मिररलेसचीच. बहुतेक ऑटोफोकस लेन्सची फोकस रिंग विजेवर चालते, भिंगाशी थेट जोडलेली नसते. कॅमेरा झोपला किंवा बंद केला की लावलेला फोकस अनेकदा हलतो. म्हणून पॉवर सेव्हिंग बंद ठेवायचं आणि बॅटरी बदलली की फोकस नव्याने लावायचा. बजेट अजून ताणलेलं असेल तर सॅमयांगची १२ मिमी एफ/२ ही पूर्ण मॅन्युअल लेन्स एपीएस-सीवर फार चांगली आहे, आणि तिथे ही अडचण नाही. रिंगवर चिकटपट्टी लावली की रात्रभर फोकस जागेवर. सोनीवर ती लावताना 'रिलीज विदाउट लेन्स' चालू करा, नाहीतर शटर पडणारच नाही.

आकाशगंगेतल्या लालसर तेजोमेघांसाठी फिल्टर बदललेला कॅमेरा घ्यावा का, असंही विचारलंय. हायड्रोजनचा तो लाल प्रकाश ६५६ नॅनोमीटरचा, आणि साध्या कॅमेऱ्यातला फिल्टर त्यातला बराचसा अडवतो हे खरं. कॅननने २०१९ मध्ये खास त्यासाठी ईओएस आरए काढला होता, आता तो बंद झालाय. पहिल्या कॅमेऱ्यासाठी यात पडू नका, दिवसाच्या फोटोंचे रंग बिघडतात. ताऱ्यांसोबत कॅमेरा फिरवणारा ट्रॅकरही आत्ता नको. तो ध्रुवाला रोखून लावावा लागतो आणि आपल्याकडे ध्रुव क्षितिजापासून जेमतेम १८-२० अंशांवर. सह्याद्रीच्या दरीत उतरलात की तो डोंगराआड, आणि उन्हाळ्यात धुरकटात.

उरलेले पैसे दणकट ट्रायपॉड, पॉवर बँकेवर चालणारा लेन्सचा ड्यू हीटर आणि सिलिका जेल टाकलेला हवाबंद डबा यांवर घाला. भंडारदऱ्याला डिसेंबरात पहाटे लेन्सवर दव धरतं आणि फोटो पांढुरके होतात, तेव्हा हीटरची किंमत वसूल. डब्याचं म्हणाल तर मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात बॅगेत पडून राहिलेल्या लेन्सला बुरशी लागायला वेळ लागत नाही.

वापरलेलं घेताना, मुंबईत बोरा बाजारात असो की कोणाच्या घरी, दोन गोष्टी समोर करून बघा. लेन्समधून मागच्या बाजूने टॉर्च मारा, आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर सोडून द्या. मग बॉडीला टोपी लावून, आयएसओ ३२००, ३० सेकंद, लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद, असा एक फोटो काढा आणि पूर्ण मोठा करून बघा. थोडेफार रंगीत ठिपके सगळ्याच सेन्सरवर असतात, स्टॅकिंगमध्ये ते जातात. पट्टे किंवा एका कडेला जांभळी लाली दिसली तर घेऊ नका.

आणि खरेदी शक्यतो जानेवारीच्या आत उरका. आकाशगंगेचा गाभा, म्हणजे मूळ नक्षत्र आणि धनू राशीच्या मधला भाग, फेब्रुवारीत पहाटे दिसायला लागतो आणि मे महिन्यात रात्री दहाच्या सुमारास वर येतो. आपल्या अक्षांशावर तो दक्षिणेला ४० अंशांहून वर चढतो, युरोपातल्या लोकांना हे भाग्य नाही. पण जूनपासून ढग, आणि मग थेट ऑक्टोबरात संध्याकाळी नैर्ऋत्येला मावळताना दोनेक तास. त्यासाठी कोकण किनारा छान, समुद्राच्या बाजूला शहरांचे दिवे नसतात. विदर्भाकडचे असाल तर पेंच गाठा, जानेवारी २०२४ मध्ये ते भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क ठरलंय. हिवाळ्यात मृगावर फोकस आणि स्टॅकिंगचा हात बसवून ठेवलात तर मार्चच्या अमावास्येला मेन्यू शोधण्यात रात्र जाणार नाही.