‘प्लास्टिक’ हा शब्द वाचून विमा कंपनीने हात वर केले, तर?

आरोग्य विम्याविषयी या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत, कारण चारही पत्रांतली अडचण शेवटी ‘प्लास्टिक’ या एकाच शब्दापाशी येऊन थांबते. उत्तरे मात्र चारही वेगळी आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्याच इच्छेवरून दिलेली नाहीत.

प्रश्न : माझी सून २०२३ च्या दिवाळीत चकल्या तळताना उकळते तेल अंगावर सांडून मानेला व उजव्या हाताला भाजली. त्या वेळचा रुग्णालयाचा खर्च विमा कंपनीने दिला. आता मानेची कातडी इतकी आखडली आहे की तिला मान डावीकडे वळवता येत नाही आणि वरही करता येत नाही. डॉक्टरांनी पुन्हा शस्त्रक्रिया सांगितली. परंतु ‘प्लास्टिक सर्जरी पॉलिसीत बसत नाही’ असे कळवून कॅशलेस, म्हणजे कंपनीने रुग्णालयाचे बिल थेट भरण्याची सोय, नाकारण्यात आली. आमची पॉलिसी २०२१ पासून न चुकता चालू आहे. कंपनीचे म्हणणे बरोबर आहे का?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, आपण लिहिलेल्या माहितीवरून पाहता ते बरोबर दिसत नाही. प्लास्टिक सर्जरी वगळण्याचे कलम प्रत्येक कंपनी आपल्या मनाप्रमाणे लिहीत नाही. विमा नियामक प्राधिकरणाने, म्हणजे आयआरडीएआयने, त्याचा मजकूर ठरवून दिलेला आहे आणि आपल्या पॉलिसीत ते बहुधा ‘एक्सक्ल ०८’ या संकेताने छापलेले असेल. त्या कलमाचे पहिलेच अर्धे वाक्य वाचले, तर रूप बदलण्यासाठी केलेली शस्त्रक्रिया मिळत नाही एवढेच कळते. पण वाक्य तिथे संपत नाही. अपघात, भाजणे किंवा कर्करोग यांच्यानंतर करावी लागणारी पुनर्रचना, तसेच रुग्णाच्या आरोग्याला असलेला थेट आणि तातडीचा धोका दूर करण्यासाठी आवश्यक असलेला उपचार, हे त्याच वाक्यात वगळणुकीतून बाहेर काढलेले आहेत. आपल्या सुनेचे प्रकरण ‘भाजणे’ या शब्दात सरळ बसते. भाजल्यापासून किती दिवसांत पुनर्रचना झाली पाहिजे, याची कोणतीही मुदत त्या कलमात नाही.

मग नकार का आला? माझा अनुभव असा की, टीपीएच्या, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने दावे तपासणाऱ्या संस्थेच्या, टेबलावरच्या माणसाला रुग्ण दिसत नाही, फक्त कागद दिसतो; आणि पूर्वमंजुरीच्या अर्जात घाईघाईने ‘प्लास्टिक सर्जरी, व्रण दुरुस्ती’ एवढेच लिहिलेले असेल, तर तो कागद सौंदर्योपचारासारखाच वाचला जातो. त्यामुळे पहिले काम भांडण्याचे नाही, कागद दुरुस्त करण्याचे आहे. शल्यचिकित्सकांकडून नव्याने प्रमाणपत्र घ्यावे आणि त्यात चार गोष्टी स्पष्ट असाव्यात: भाजल्याची तारीख, त्या भाजण्यामुळेच कातडी आखडली आहे हे विधान, मान किती अंशांपर्यंत वळते याचे मोजमाप, आणि शस्त्रक्रिया न केल्यास काय होईल याचे मत. त्यासोबत २०२३ चे डिस्चार्ज कार्ड आणि मानेची छायाचित्रे जोडावीत. जुन्या दाव्याचा क्रमांक अर्जावर ठळक लिहावा, कारण त्याच कंपनीने त्याच जखमेचे पैसे एकदा दिलेले आहेत, हा आपल्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा आहे.

दुसरी गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही: कॅशलेस नाकारले म्हणजे दावा नाकारला असे होत नाही. शस्त्रक्रिया थांबवण्यासारखी नसेल, तर स्वतः खर्च करून सर्व मूळ बिले व तपासण्यांचे अहवाल जपून ठेवावेत आणि मुदतीत परताव्याचा दावा करावा. आयआरडीएआयच्या मे २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेसच्या विनंतीवर १ तासात आणि डिस्चार्जच्या अंतिम मंजुरीवर ३ तासांत निर्णय देणे कंपनीवर बंधनकारक आहे; शिवाय कंपनीच्या दावा पुनरावलोकन समितीच्या मान्यतेशिवाय दावा फेटाळता येत नाही. म्हणून काउंटरवरचे किंवा फोनवरचे तोंडी ‘बसत नाही’ ऐकून परत फिरू नये. नकार लेखी मागावा आणि पॉलिसीच्या कोणत्या कलमाखाली तो दिला, हे त्यात नमूद करून घ्यावे.

लेखी नकारानंतर प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जावे. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर विमा लोकपालांकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारींवर निर्णय देणाऱ्या अधिकाऱ्यांकडे, तक्रार करता येते. सोलापूर जिल्हा पुण्याच्या लोकपाल कार्यालयाच्या कक्षेत येतो. तिथे शुल्क नाही, वकिलाची गरज नाही आणि ५० लाख रुपयांपर्यंतची प्रकरणे ऐकली जातात. कंपनीच्या अंतिम नकारापासून १ वर्षाच्या आत जाणे मात्र आवश्यक आहे. तक्रार ऑनलाइन दाखल होते आणि सुनावणी दूरदृश्य पद्धतीने होऊ शकते, त्यामुळे प्रत्येक तारखेला पुण्याला जायला हुतात्मा एक्स्प्रेसचे तिकीट काढावे लागेल असे समजू नये. जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्गही खुला आहे, परंतु आयोगाकडे प्रकरण दाखल असताना लोकपाल तेच प्रकरण घेत नाहीत. दोहोंतला एक विचारपूर्वक निवडावा. मी आधी लोकपाल सुचवीन.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल. पुढे हातावरचे डाग फिके करण्यासाठी लेझर किंवा मलमे सुचवली गेली, तर तो खर्च बहुधा मिळणार नाही, कारण तो बाह्यरुग्ण विभागातला आणि मुख्यतः दिसण्यासाठीचा उपचार ठरतो. त्याची बिले मानेच्या शस्त्रक्रियेच्या बिलांत मिसळू नयेत. एका शंकास्पद बिलामुळे संपूर्ण संचाची छाननी लांबते.

जाता जाता, ‘प्लास्टिक’ या शब्दाचा आपल्या बादल्या-डब्यांशी संबंध नाही. घडवणे, आकार देणे या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून तो आला. १७९४ साली लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये कपाळाच्या कातडीपासून नवे नाक घडवण्याच्या ज्या शस्त्रक्रियेचे वर्णन छापून आले आणि ज्यावरून युरोपातील शल्यविशारदांनी ही विद्या उचलली, ती शस्त्रक्रिया पुण्याकडच्या, विटा पाडणाऱ्या समाजातल्या एका माणसाने केली होती. शत्रूच्या कैदेत नाक कापले गेलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाची ती हौस नव्हती.

प्रश्न : मी अक्कलकोट रस्त्यावरच्या टॉवेल कारखान्यात नोकरीला आहे. माझ्या नाकाचा पडदा वाकडा असून रात्री श्वास कोंडतो. डॉक्टर म्हणतात, पडदा सरळ करताना नाकाचा बाहेरचा बाकही काढता येईल. पॉलिसी घेऊन १४ महिने झाले. मित्र म्हणतो, ‘मोटारसायकलवरून पडलो असे लिही, सगळे पैसे मिळतील.’ काय करावे?
— एक वाचक, अशोक चौक

उत्तर : मित्राचा सल्ला ऐकू नये. अपघात म्हटला की रुग्णालयातली मेडिको-लीगल नोंद, पोलिसांचा कागद, त्या दिवसाचा एक्स-रे अशी साखळी तपासली जाते आणि जन्मापासूनचा बाक व ताजी मोड यांतला फरक नाक-कान-घसा तज्ज्ञाला लगेच कळतो. खोटे उघड झाले तर हा दावा तर जातोच, पॉलिसीही रद्द होऊ शकते. सलग ६० महिने पॉलिसी चालल्यावर माहिती दडवल्याच्या कारणाने कंपनीला दावा नाकारता येत नाही, असा जो नियम आहे, तो फसवणुकीला लागू नाही.

खरे लिहूनही आपल्याला बराच खर्च मिळू शकतो. श्वासासाठी पडदा सरळ करणे हा उपचार आहे आणि बाहेरचा बाक काढणे हा रूपबदल आहे. पहिला मिळतो, दुसरा नाही. तथापि पडद्याची शस्त्रक्रिया अनेक पॉलिसींत ठरावीक आजारांच्या यादीत असते आणि त्या यादीला प्रतीक्षाकाळ, म्हणजे दावा मिळू शकत नाही असा सुरुवातीचा काळ, असतो, जो बहुतेक ठिकाणी २४ महिने आणि नियमानुसार जास्तीत जास्त ३६ महिने असू शकतो. आपले १४ महिने झाले आहेत. यादी वाचावी आणि डॉक्टरांना विचारून थांबता येत असेल तर थांबावे. दोन्ही कामे एकाच वेळी करायचीच असतील, तर शस्त्रक्रियागृहाचा वेळ, भूल आणि शल्यचिकित्सकाचे शुल्क यांची दोन कामांसाठीची विभागणी रुग्णालयाकडून आधीच लिहून घ्यावी. आणखी एक, आपले वेतन महिना २१,००० रुपयांपर्यंत असेल आणि कारखाना कर्मचारी राज्य विमा (ईएसआय) योजनेत नोंदलेला असेल, तर खासगी पॉलिसीच्या आधी ईएसआयच्या दवाखान्यात विचारणा करावी. तिथे असा प्रतीक्षाकाळ नसतो.

प्रश्न : आमच्या नातवाचा ओठ जन्मतः दुभंगलेला आहे. मुलाच्या कंपनीच्या विम्यात शस्त्रक्रिया होईल का? घरातली मंडळी ग्रहणाला दोष देत बसली आहेत.
— एक आजी, विडी घरकुल

उत्तर : आजी, ग्रहणात सुनेने भाजी चिरली म्हणून ओठ दुभंगत नाही, गर्भावस्थेच्या पहिल्या काही आठवड्यांत चेहऱ्याचे भाग नीट जुळून न आल्याने तो दुभंगतो. तिला बोल लावू देऊ नये.

वैयक्तिक पॉलिसींत शरीराबाहेर दिसणारे जन्मजात दोष बरेचदा वगळलेले असतात. कंपनीच्या गट विम्यात ते कधीकधी समाविष्ट असतात, म्हणून मुलाने कार्यालयात लेखी विचारावे. पण त्या उत्तरासाठी थांबू नये. ओठाची शस्त्रक्रिया साधारणतः तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात करतात आणि टाळूही दुभंगलेली असेल तर ती पहिल्या वाढदिवसाच्या आसपास. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात हा दोष समाविष्ट आहे व त्याखाली उपचार मोफत होतात. अंगणवाडीताईंना सांगितले की बाळाची नोंद या कार्यक्रमाच्या पथकाकडे जाते. शिधापत्रिका घेऊन शासकीय रुग्णालयातल्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या कक्षातही जाऊन यावे. तिथे आरोग्यमित्र भेटतात आणि योजनेचे संरक्षण कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत आहे.

प्रश्न : कर्करोगामुळे माझा एक स्तन काढावा लागला, त्याला २ वर्षे झाली. आता पुनर्रचना करून घ्यावीशी वाटते. विमा कंपनीला असे विचारणे लाजिरवाणे तर नाही ना?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : मुळीच नाही. कर्करोगानंतरची पुनर्रचना वर पहिल्या उत्तरात सांगितलेल्या कलमात नाव घेऊन मान्य केलेली आहे आणि २ वर्षे उलटली म्हणून हक्क जात नाही. पॉलिसी तेव्हापासून खंड न पडता चालू असावी, एवढे पाहावे. दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात म्हणून निरोगी बाजूवरही शस्त्रक्रिया सुचवली गेली असेल, तर वाद नेमका तिथे होतो. त्या भागाची पूर्वमंजुरी रुग्णालयात दाखल होण्याआधी, वेगळी आणि लेखी घ्यावी. अर्ज भरताना कर्करोगतज्ज्ञांचे पत्र सर्वांत वर लावावे, प्लास्टिक सर्जनचे त्याखाली.