वजन उतरलं म्हणून सुट्टी घेऊ नका

ताई, भाची इंदूरला पोषण पुनर्वसन केंद्रात भरती आहे, वजन वाढायचं सोडून उतरलंय, 'नुसतं पातळ दूध' देतात आणि घरचे केंद्रातून सुट्टी (डिस्चार्ज) घ्या म्हणून मागे लागलेत, हे वाचून राहवलं नाही. पायांवर सूज होती असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. सगळी गोम तिथेच आहे.

सूज म्हणजे अंगात साठलेलं पाणी. ते उतरताना काट्यावर वजन घटणारच. माझ्या पुतण्याचंही असंच झालं होतं. फाईलमध्ये सुजेपुढे किती प्लस (+) लिहिलेत ते रोज सिस्टरना विचारा, जितके प्लस जास्त तितकी सूज जास्त.

आमचं खरं नुकसान आधी झालं, एका दुसऱ्याच दवाखान्यात. खिडकीवरच्या बाईंनी वजन पाहिलं, कार्डावर ठिपका मारला आणि 'वजन ठीक आहे, भरती होणार नाही' म्हणून परत पाठवलं. गाल गुबगुबीत दिसत होते ना! पायातले मोजेसुद्धा कुणी काढले नाहीत. पाऊल अंगठ्याने तीन सेकंद दाबायचं. दोन्ही पावलांवर खड्डा राहिला, तर वजन कितीही असो, ते तीव्र कुपोषणच धरतात. एवढं साधं काम! वहिनी त्या लेकराला कडेवर घेऊन तशीच घरी आली. तो राग अजून जात नाही.

पातळ दूध म्हणजे बहुतेक एफ-७५ असेल, कुपोषित मुलांना सुरुवातीला देतात ते खास दूध. १०० मिलीत ७५ कॅलरी, प्रोटीन मुद्दाम कमी. उपाशी शरीरात एकदम भरपूर गेलं तर रक्तातलं पोटॅशियम, फॉस्फेट घसरतं आणि जिवावर बेतू शकतं. सूज ओसरून भूक परतली की एफ-१०० या जास्त ताकदीच्या दुधावर नेतात. लोहाचं औषधही वजन वाढू लागल्यावरच देतात, म्हणून घरून टॉनिक नेऊ नका. भेटायला येणाऱ्यांचे पोहे-जिलबी तर नकोच नको. आणि रात्रीचं दूध झोपलीय म्हणून चुकवू नका, साखर उतरते, अंग गार पडतं.

मी डॉक्टर नाही. जुलाब, ताप, गुंगी असेल किंवा सूज गेल्यावरही वजन घटत असेल, तर गोष्ट वेगळी, लगेच डॉक्टरांना सांगा.

अजून एक. आईची मजुरी बुडते त्याची भरपाई मिळते. तिच्या नावाचं पासबुक भरती असतानाच देऊन ठेवा, नंतर फार खेटे घालावे लागतात.