अलीकडे पाहिलेल्यांपैकी कोणता नवा आणि कोणता जुना चित्रपट मनात राहिला, आणि का?

नव्यातला 'स्थळ', जुन्यातला १९५३ सालचा 'श्यामची आई'. तुम्ही एकेकच नाव विचारलंत, पण सोबत 'का' हेही विचारलंत. ते नीट सांगायचं तर आणखी काही नावं घ्यावी लागतील.

आधी मी चित्रपट कसा बघते ते सांगते. मी ग्वाल्हेरची, शहरातल्या 'लष्कर' या भागात राहते. गाणं शिकले आहे आणि मैफलीत गुरुजींच्या मागे तंबोऱ्यावर बसते. काम दिसायला सोपं आहे. मधल्या बोटाने पंचम, मग तर्जनीने जोडाच्या तारा आणि शेवटी खर्ज, हे सगळं एकसारखं, गाणाऱ्याच्या लयीत न ओढलं जाता, मैफल संपेपर्यंत. त्या जागेवरून गाणाऱ्याची फक्त पाठ दिसते, पण समोरचे सगळे ऐकणारे चेहरे दिसतात. गाण्यातली कुठली जागा कोणापर्यंत पोचली, कोण नुसतीच मान हलवतंय, कोणाचं लक्ष घड्याळाकडे आहे, सगळं कळतं. त्यामुळे पडद्यावरही माझी नजर बोलणाऱ्यावर फार वेळ थांबत नाही, ऐकणाऱ्याकडे जाते. दिग्दर्शकाला माणूस कळलाय का, हे मला संवादांपेक्षा न बोलणाऱ्या चेहऱ्यावरून लवकर कळतं.

'स्थळ' जवळजवळ संपूर्ण अशा एका चेहऱ्यावर उभा आहे. जयंत दिगंबर सोमलकर यांनी हा चित्रपट चंद्रपूर जिल्ह्यातल्या आपल्याच गावात, गावातल्याच माणसांना घेऊन केला. २०२३ मध्ये टोरंटोच्या महोत्सवात त्याला आशियाई चित्रपटांसाठीचा नेटपॅक पुरस्कार मिळाला आणि आपल्याकडे तो मार्च २०२५ मध्ये लागला. कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्याची मुलगी सविता शिकते आहे, तिला पुढे स्पर्धा परीक्षा द्यायच्या आहेत आणि घरी तिला 'पाहायला' स्थळं येतायत. गोष्ट एवढीच. सुरुवातीलाच एक उलटा प्रसंग आहे. मुलगा मधे बसलाय आणि बायका त्याला प्रश्न विचारतायत. प्रेक्षक हसतात, आणि मग कळतं की हे सविताचं स्वप्न होतं. त्यानंतर खरे कार्यक्रम सुरू होतात. पुरुषांची रांग बसते, पाय धुवायला पाणी, चहा-पोहे, आणि तेच ते प्रश्न. नाव काय, शिक्षण किती, उंची किती, छंद काय.

दिग्दर्शक हा कार्यक्रम पुन्हा पुन्हा, तसाच्या तसा दाखवतो. दुसऱ्या वेळी मला वाटलं, कळलं आता, पुढे चला. तो मात्र पुढे जायला तयार नाही, आणि त्याचं बरोबर आहे. त्या मुलीलाही पुढे जाता येत नाही. नंदिनी चिकटेने सविताचं काम केलंय. ती खाली बघत बसते, उत्तरं देते, आणि दर वेळी तिच्या चेहऱ्यावरून थोडं काहीतरी कमी होत जातं. पहिल्या वेळी लाज आहे, थोडी उत्सुकताही आहे. पुढे ती प्रश्न संपायच्या आत उत्तर देऊन मोकळी होते. रडणं नाही, मोठं भाषण नाही. आपल्या उंचीबद्दल आणि रंगाबद्दल चार परक्या माणसांनी आपल्यासमोर बोलायचं आणि आपण तिथेच बसून ऐकायचं, ते ऐकणं या मुलीने केलंय. तिच्या वडिलांकडेही नीट बघा. कापसाचा भाव आणि मुलीचं लग्न, दोन्हीकडे त्यांना दुसऱ्याच्या होकाराची वाट बघत उभं राहावं लागतं, आणि दोन्हीकडे त्यांची मान सारखीच खाली जाते.

आम्ही हा चित्रपट घरी पाहिला, सासूबाई सोबत होत्या. त्या ऐंशीच्या पुढे आहेत, माहेर-सासर दोन्ही ग्वाल्हेरचं. चित्रपट संपल्यावर त्या म्हणाल्या, "आमच्या वेळी आणखी एक असायचं. पुण्याची मंडळी आली की पेपर हातात देऊन मोठ्याने वाचायला लावायची. हिंदी मुलुखातली मुलगी, मराठी धड येतं की नाही ते बघायला." मी विचारलं, मग तुम्ही वाचलंत? "वाचलं तर. अग्रलेख वाचला अख्खा. कोणी थांब म्हणेचना." इतक्या वर्षांत हे त्यांनी मला कधीच सांगितलं नव्हतं. त्या रात्री त्यांच्याकडून आणखी पुष्कळ ऐकायला मिळालं, ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण 'स्थळ' घरातल्या बायकांसोबत बघा, एकट्याने बघू नका.

आता 'श्यामची आई'. आचार्य अत्र्यांचा. सरकारने राष्ट्रीय पुरस्कार सुरू केले तेव्हा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं पहिलंवहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक याच चित्रपटाला मिळालं. हे सगळ्यांना पाठ असतं. ग्वाल्हेरबाहेर फारसं ठाऊक नसतं ते हे, की आईचं काम केलेल्या वनमालाबाई आमच्या. ग्वाल्हेर संस्थानातल्या पवार घराण्यातल्या, पूर्वाश्रमीच्या सुशीला पवार. २००७ मध्ये त्या गेल्या, त्याही ग्वाल्हेरातच. त्याआधी १९४१ च्या 'सिकंदर'मध्ये पृथ्वीराज कपूरसमोर त्या रुखसाना होत्या. घाऱ्या डोळ्यांची, पडद्यावर आली की नजर हलू नये अशी देखणी नायिका. कोकणातल्या कर्जबाजारी घरातल्या आईसाठी ही बाई घ्यावी, हे अत्र्यांना सुचलं कसं, याचं मला फार कौतुक वाटतं.

कारण हे सौंदर्य ती कुठे लपवत नाही आणि कुठे वापरतही नाही. जुन्या कृष्णधवल छपाईत घारे डोळे फिकट दिसतात, जवळजवळ रिकामे. श्याम काहीतरी चुकून येतो आणि समोर उभा राहून सांगायला लागतो, तेव्हा त्या डोळ्यांत लगेच माया येत नाही. आधी ती ऐकून घेते. पोराला ऐकून घेतलं जातंय याचीच धास्ती वाटावी असं ते ऐकणं आहे. आपल्याकडे 'श्यामची आई' म्हटलं की लोक पदर, अश्रू आणि त्याग एवढंच आठवतात. परत बघताना मला जाणवली ती तिची शिस्त. ही बाई कडक आहे. शेवटाकडे घर कर्जात बुडत जातं तसा तिचा आवाज खाली खाली येतो, पण ती शिस्त सुटत नाही. म्हणून शेवट सोसवत नाही. नुसती सोशिक आई असती तर आपण डोळे पुसून उठलो असतो.

गाण्यांबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. वसंत देसाईंचं संगीत आणि 'भरजरी गं पितांबर दिला फाडून' हे आशाबाईंनी गायलेलं गाणं. आमच्याकडे मुलींना सुगम शिकवताना आजही हे देतात. मीही शिकवते. चाल अगदी घरगुती, जात्यावर म्हणता येईल अशी, आणि तरी सोपी नाही. हरकती, म्हणजे सुरांची छोटी नक्षी, कमी आहेत, त्यामुळे कुठे लपायला जागा नाही, सूर जरा हलला की लगेच कळतं. चित्रपटही तसाच आहे.

२०२३ मध्ये सुजय डहाकेंनी पुन्हा 'श्यामची आई' केला, तोही कृष्णधवल, आणि त्याला त्या वर्षीच्या सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ओम भुतकर साने गुरुजी झालेत आणि त्यांनी काम मनापासून केलंय. चित्रपट जरूर बघावा. मला मात्र तो साने गुरुजींचा वाटला, आईचा कमी वाटला.

तुम्ही गाण्याबिण्यातले असाल तर चैतन्य ताम्हाणेंचा 'द डिसायपल' बघाच. २०२० मध्ये व्हेनिसला त्याला पटकथेचा पुरस्कार मिळाला, आता नेटफ्लिक्सवर आहे. मी तो नुकताच पुन्हा पाहिला. शरद नेरुळकर हा ख्याल शिकणारा तरुण, आणि ते काम केलेले आदित्य मोडक स्वतः गवई आहेत. पहिल्याच प्रसंगात गुरुजी गातायत, शरद मागे तंबोऱ्यावर बसलाय आणि कॅमेरा अगदी सावकाश त्याच्याकडे सरकत जातो. गाणं गुरुजींचं चाललंय आणि आपण बघतोय शरदचा चेहरा. त्यावर आनंद आहे, पण तेवढाच नाही. हे मला येत नाही आणि कदाचित कधीच येणार नाही, हे त्याला त्या क्षणी कळलेलं दिसतं. तंबोऱ्यावर बसलेल्या प्रत्येकाला हे कधी ना कधी कळतं, आणि बोटं मात्र चालू ठेवावी लागतात. पडद्यावर हे इतकं खरं मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही. तंबोऱ्याचा आवाजही खरा आहे, जव्हारी, म्हणजे तारेची ती घुमणारी झणक, नीट लागलेली आहे. ती बिघडलेली ज्यांना खटकते त्यांनाच कळेल की चित्रपटात ते किती क्वचित सांभाळलं जातं.

रात्री मोकळ्या पुलांवरून शरद मोटरसायकलवर सावकाश जातोय आणि कानात गुरुजींच्या गुरू 'माईं'ची जुनी ध्वनिमुद्रित व्याख्यानं चाललीयेत, हे प्रसंग काहींना कंटाळवाणे वाटतात. माईंचा आवाज सुमित्रा भावे यांचा. त्या कलेबद्दल जे बोलतात ते फार कठोर आहे, सामान्य माणसाला पेलणारच नाही असं. आपल्या घराण्यांच्या गोष्टी आम्हीही अशाच ऐकत वाढलो. ग्वाल्हेरात तर भिंतीभिंतीला घराणं आहे. त्या गोष्टींनी काही जण घडले आणि पुष्कळ जण आयुष्यभर स्वतःला कमी समजत राहिले. या दुसऱ्यांबद्दल कोणी बोलत नाही. या चित्रपटाने ते बोलून दाखवलं, म्हणून मला तो जवळचा वाटतो.

याच्या शेजारी 'कट्यार काळजात घुसली' ठेवून बघा. २०१५ चा, सुबोध भावेंचा. मूळ नाटक दारव्हेकरांचं, संगीत अभिषेकीबुवांचं, त्यामुळे गाणी सुंदर आहेत, चित्रपटासाठी केलेली नवी गाणीही चांगली आहेत. पण गोष्ट दोन गवयांच्या दरबारी स्पर्धेची, आणि दरबारातली माणसं गाणं ऐकत नाहीत, निकालाची वाट बघतात. गाणं म्हणजे जिंकणं-हरणं असं एकदा ठरलं की ऐकणारा उरतच नाही, प्रेक्षक उरतो. गाणी ऐकायला मी तो पुन्हा लावते, बघायला नाही.

इथे एक शंका कोणीतरी काढेल. ऐकणारे चेहरे तर मालिकांमध्येही दाखवतात, एक वाक्य झालं की खोलीतल्या प्रत्येकाच्या तोंडावर कॅमेरा तीनतीनदा झेपावतो. पण ती माणसं ऐकत नसतात. त्यांना काय वाटायचं हे आधीच ठरलेलं असतं आणि ते पार्श्वसंगीत ओरडून सांगत असतं. खरं ऐकणाऱ्याला पुढचं वाक्य माहीत नसतं. नट चांगला की नाही, ते इथे कळतं.

पार्श्वसंगीतावरून रोहन कानवडे यांचा 'साबर बोंडं' आठवला. २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात त्याला जागतिक चित्रपटांच्या गटातलं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. ग्वाल्हेरात मराठी चित्रपट मोठ्या पडद्यावर मिळणं अवघडच, म्हणून पुण्याला नणंदेकडे गेले तेव्हा थिएटरात पाहिला. वडील गेल्यावर मुंबईचा आनंद दहा दिवसांच्या सुतकासाठी आईसोबत गावी येतो. नातेवाईक नियम सांगत राहतात, हे खायचं नाही, ते घालायचं नाही, आणि मधूनमधून लग्नाचं काय ते विचारतात. त्याचं मन बाल्या या बालमित्राकडे ओढ घेतंय, हे त्याच्या आईला ठाऊक आहे. मला त्या आईचं फार वाटलं. जयश्री जगताप यांनी ते काम केलंय. नातेवाईक मुलाला बोलतात तेव्हा ती ऐकते आणि नेमकी तेवढ्यापुरती मधे पडते, जास्त नाही, कमी नाही. श्यामच्या आईनंतर पडद्यावरची आई कुठवर आली, ते बघायचं तर हा चित्रपट बघा.

अगदी जुनं काही हवं असेल तर प्रभातचा १९३६ चा 'संत तुकाराम'. विष्णुपंत पागनीसांबद्दल सगळेच बोलतात. मी तुम्हाला गौरीबाईंची जिजाई बघायला सांगेन. आजारी पोराला घेऊन ती देवळात जाते आणि विठोबावर चप्पल उगारते, तो प्रसंग आजही अंगावर येतो. इथे मात्र ऐकणारा तुकाराम आहे. बायको तोंड सोडते आणि पागनीस शांतपणे, खरोखर ऐकत, तिच्याकडे बघतात. भक्तीच्या चित्रपटात संताने बायकोचं ऐकून घेतलेलं दाखवलंय, आणि तिचं म्हणणं कुठेही हास्यास्पद केलेलं नाही. 'आधी बीज एकले' हे त्यातलं गाणं तुकोबांचा अभंग म्हणून कीर्तनातही गायलं जातं, पण ते शांताराम आठवल्यांनी या चित्रपटासाठी लिहिलेलं आहे.

बघण्याचा क्रम विचाराल तर 'स्थळ' आधी, घरच्यांबरोबर. मग 'श्यामची आई', जुना. यूट्यूबवर मिळतो, आवाज खरखरतो, पहिली दहा मिनिटं कानाला सवय होईपर्यंत धीर धरा. 'द डिसायपल' रात्री, हेडफोन लावून, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवून. ताम्हाणेंचाच २०१४ चा 'कोर्ट' मला आता पुन्हा बघायचाय. त्यातला शाहीर आरोपी म्हणून बसलेला असतो आणि बाकीचे त्याच्या गाण्यांबद्दल बोलत असतात, तो चेहरा आता मी वेगळा बघेन असं वाटतं. तुम्ही पाहिला असेल तर तुमचं मत खाली नक्की लिहा.