स्लाइड निगेटिव्ह म्हणजे कुष्ठरोग नाही, असं समजू नकोस

फोंड्याच्या लॅबमध्ये नवीन लागली आहेस, म्हणून पहिल्यांदा त्वचेचा स्मिअर, म्हणजे कातडी खरवडून निघालेला रस काचेच्या स्लाइडवर पसरून जंतू शोधणं, नीट शीक. कानाची पाळी किंवा चट्ट्याची कड अंगठा-बोटाच्या चिमटीत घट्ट धर, इतकी की रक्त ओसरून कातडी पांढरी पडेल. मग ५ मिमी लांब, २ मिमी खोल चीर दे आणि पातं आडवं करून खरवड. रक्त आलं तर स्मिअर बिघडतो. चिमटीची हीच सवय लागायला वेळ लागतो, घाई करू नकोस. आपल्याकडे पावसाळ्यात स्लाइड लवकर सुकत नाही. पूर्ण सुकल्याशिवाय फिक्स (आच देऊन पक्की) करू नकोस. रंग दिल्यावर तो उतरवायला क्षयाच्या स्लाइडपेक्षा सौम्य आम्ल लागतं, कारण कुष्ठरोगाचे जंतू रंग लवकर सोडतात.

जंतू भरपूर असलेल्या रुग्णात स्मिअर बोलतो. एक-दोन चट्टेवाल्यांत तो बहुतेक निगेटिव्हच येतो. तिथे बायोप्सी (कातडीचा तुकडा काढून तपासणं) जास्त उपयोगी: मज्जातंतूभोवतीचा दाह दिसतो, फाइट-फराको या खास रंगपद्धतीने जंतूही. पीसीआर (जंतूचा डीएनए शोधणारी टेस्ट) संवेदनशील खरा, पण मेलेल्या जंतूंचा डीएनएही पकडतो, म्हणून उपचार लागू पडतायत का हे त्यावरून ठरवू नकोस. पीजीएल-१ अँटीबॉडी (जंतूच्या आवरणातल्या एका घटकाविरुद्ध रक्तात तयार होणारी) कमी जंतूंच्या रुग्णात फारशी सापडत नाही, एकट्या त्या टेस्टवर माझा तरी भरवसा नाही. कल्चर (लॅबमध्ये जंतू वाढवून पाहणं) विसर, हा जंतू कृत्रिम माध्यमात वाढतच नाही.

रिपोर्टात नुसतं 'निगेटिव्ह' लिहू नकोस, कुठून स्मिअर घेतला तेही लिही. चट्ट्यावर संवेदना नाही, नस जाड झाली आहे, असं डॉक्टरांनी कळवलं असेल, तर निदान त्यावरही होतं.